सावली पडते

तिसऱ्या पुस्तकात मी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं. ‘तंजावरच्या त्याच्या पहिल्या शोधापुढे हे प्रकरण म्हणजे पोरखेळ होता; पण ते पुन्हा केव्हातरी.’ तंजावर मी पाहिलेलं नव्हतं. भोरपेक्षा जरा गूढ वाटतं, एवढाच विचार. नायकाचं नाव इथे देत नाही. माझ्या किशोर रहस्यमालिकेची सहाही पुस्तकं ज्यांनी वाचली त्यांना ते ठाऊक आहे, आणि त्या दोघांसाठी ते पुन्हा कशाला लिहायचं?

त्या दोघांपैकी एकीचं पत्र आलं : ‘केव्हातरी म्हणजे केव्हा?’

मी ते पत्र प्रकाशकांना दाखवलं, बायकोला दाखवलं, दूधवाल्याच्या नजरेला पडेल असं ठेवलं. प्रकाशक म्हणाले, “प्रीक्वेल करून टाका. शंभर पानं. मुलांना आवडतं.”

प्रीक्वेल म्हणजे आपणच आधी करून ठेवलेल्या चुकांचं कर्ज फेडणं. पहिल्या पुस्तकात माझा नायक म्हणतो, “मी अजून मेलेला माणूस पाहिलेला नाही.” म्हणजे तंजावरला खून बाद. कुत्रा त्याला दुसऱ्या पुस्तकात मिळतो. म्हणजे कुत्रा बाद. आणि कड्यावरून लोंबकळत ठेवला तरी वाचक निवांत चिवडा खाणार, कारण पुढची सहा पुस्तकं याला जगायचंय हे त्याला पक्कं माहीत. भा. रा. भागवत शहाणे. त्यांचा फास्टर फेणे वीस पुस्तकं सायकल दामटत राहिला. फुरसुंगीत त्याची मुंज कशी झाली, हे सांगत बसले नाहीत.

तरी मी चार प्रकरणं घरी बसून लिहिली. रहस्याची किल्ली तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाच्या शिखरात ठेवली. राजराज चोळाने १०१० च्या सुमाराला बांधून पुरं केलेलं, दोनशे फुटांहून उंच शिखर. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, हे मी शाळेपासून ऐकत आलो होतो. तर चोराने नकाशात ‘सावलीखाली’ असं लिहिलंय आणि सावली तर पडतच नाही! हे सुचलं त्या रात्री मला माझाच इतका अभिमान वाटला की झोप आली नाही.

मग खातरजमा करायला म्हणून तंजावर गाठलं. पिशवीत स्वतःच्या पुस्तकांचे दोन संच. कुणी ओळखलंच तर जवळ असावेत.

एप्रिलमधली दुपार. चपला बाहेर. दगडी फरशीवर तळपाय असे भाजले की मी लांब उड्या मारत पलीकडच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. तिथे एक अख्खं कुटुंब दहीभात खात बसलं होतं. पाच मिनिटं बरं वाटलं. मग मान वर केली. मी शिखराच्या सावलीत उभा होतो. चांगली ऐसपैस सावली होती. माझी चार प्रकरणं त्या दहीभातात कालवली गेली.

खरं तर मला काही रचायची गरजच नव्हती.  सर्फोजीची गोष्ट ऐकाच. १७८७ साली तंजावरच्या भोसले घराण्यातल्या तुळजाराजांनी मरणाच्या दारात नऊ-दहा वर्षांचा मुलगा, हाच सर्फोजी, दत्तक घेतला. पंडित म्हणाले, दत्तकविधान अशास्त्र. गादीवर काका, अमरसिंह. पोरगा कोंडवाड्यासारख्या पहाऱ्यात. त्याच्या बाजूने उभा कोण, तर श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री! मुलाला मद्रासला हलवलं, पंडितांना पुन्हा विचारलं, आणि शास्त्र तेच असताना दत्तकविधान सशास्त्र निघालं. १७९८ साली सर्फोजी गादीवर बसला. पाद्री त्याच फेब्रुवारीत गेला होता. कोंडलेला मुलगा, काका, परका गुरू, उलटलेली साक्ष. एवढं सगळं असताना मी सावली मोजत बसलो होतो. शिवाय हा नायक मोठेपणी ग्रंथ जमवतो, छापखाना काढतो, आणि त्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघतात : ‘बालबोध मुक्तावली’. ‘दर्पण’ निघायला अजून सव्वीस वर्षं होती. मी मुलांसाठी मराठीत लिहितो म्हणून मिरवतो, त्या धंद्याची पूर्वकथा मुठेकाठची नाही, कावेरीकाठची आहे.

देवळाच्या भिंतीवर सर्फोजीने १८०३ मध्ये भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. त्यापुढे मी दोन ओळी मोठ्याने वाचत होतो (जरा जास्तच मोठ्याने), तेवढ्यात मागून मराठीत प्रश्न आला, “पुण्याचे काय?” शब्द आमच्या पणजीच्या वेळचे, हेल तमिळ. पंचाहत्तरीचे काका होते. मी तत्परतेने पिशवीतून पहिलं पुस्तक काढलं, सही केली, तारीख घातली.

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं.

“घरात आम्ही मराठीच बोलतो. वाचायला मात्र तमिळच येतं. तुम्ही वाचा, मी ऐकतो.”

माझ्या भाच्याला मराठी वाचता येतं. शाळेत सक्तीचं आहे. माझं पुस्तक त्याच्या टेबलाचा पाय समतोल ठेवतं. इथे राज्य १८५५ ला बुडालं, लिपीही हातची गेली, आणि तरी हा माणूस पहिल्या पानासाठी गरम दगडावर मांडी घालून बसला होता. मला राग आला. भाच्याचा म्हणावा, तर गेल्या महिन्यात त्याच्याशी फोनवर मी स्वतः निम्मं इंग्रजीच बोललो होतो.

मी वाचलं. माझ्या विनोदांना काका हसले नाहीत. ‘टेन्शन’, ‘कन्फ्यूज’ आलं की हसायचे. “हे मराठी?” प्रकरण संपलं तसं मी पुस्तक मिटलं. दहीभातवाले कधीच उठून गेले होते.

“पुढं?” काका म्हणाले.

सहा पुस्तकं मी याच एका शब्दासाठी लिहिली. मी पान उलटलं आणि आम्ही दोघं जरा पलीकडे सरकून बसलो. सावली हलली होती.