तुटक आणि सलग

देवबागहून डॉल्फिन बघायला निघालेली होडी कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडते तेव्हा एका अंगाला देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी असते, दुसऱ्या अंगाला भोगव्याचा डोंगर, आणि मागच्या अंगाला, निदान आमच्या होडीत तरी, पीं... पीं... पीं...

सगळ्यांनी आधी आपापले मोबाइल तपासले. पुण्याच्या काकांनी मोबाइल बंदच केला, तरी पीं चालूच. त्यांच्या सुनेनं पर्समधून मोटारीची किल्ली काढून दाबून पाहिली. मोटार मागे देवबागात माडाखाली उभी होती. तिच्यावर त्या दाबण्याचा काय परिणाम झाला असेल, देव जाणे. शेवटी काकांनी मागे वळून तांडेलला विचारलं, "अहो, हे काय वाजतंय?"

"तां ऑइलचां," तांडेल मान न वळवता म्हणाला. "तेका बोंबलांदे."

मशीन जुनं होतं, टू-स्ट्रोक. कंपनीचं नाव खारानं कधीच खाल्लेलं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच पाजावं लागतं. या मशीनला मुळात वेगळी ऑइलची टाकी आणि पंप होता. पंप लागेल तेवढं ऑइल आपणहून मिसळणार आणि टाकीतली पातळी उतरली की आतला तरंगता गोळा खाली बसून भोंगा वाजवणार, अशी ती सोय. पण हा पंप एखाद्या दिवशी न कळवता रजेवर गेला तर पिस्टन जागीच चिकटतो आणि खर्चाचा आकडा ऐकून मालकाची जीभ टाळ्याला. म्हणून जगभरच्या कितीतरी जुन्या मशीनवाल्यांप्रमाणे आमच्या तांडेलनंही पंप निकामी करून ठेवला होता. पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल, तेही स्वतःच्या हातानं. टाकी मात्र जागेवर होती, रिकामी, आणि भोंग्याची तारही जोडलेली. टाकीत ऑइल नाही, असं भोंगा सांगत होता. त्याचं शंभर टक्के खरं होतं. खरं बोलणाऱ्याकडे होडीत कुणी लक्ष देत नव्हतं, इतकंच.

या भोंग्यांची एक भाषा असते. जुन्या जॉन्सन-एविनरूडच्या ऑइल-पंपवाल्या मशीनमध्ये तुटक पीं म्हणजे ऑइल आणि सलग पीं म्हणजे मशीन तापलं. जुन्या मर्क्युरीचंही साधारण तेच. पण कित्येक मशीन दोन्ही दुखण्यांना एकाच सुरात ओरडतात. जुनं मशीन घेणाऱ्याला पुस्तिका बहुधा मिळत नाही. मिळते ती आधीच्या मालकाची आठवण, आणि तीही त्याला सोयीची तेवढीच.

संगमावर सुनामी आयलंड लागतं. 2004 च्या त्सुनामीनंतर हे वाळूचं बेट वर आलं, असं इथं सांगतात. काका त्याच्या खरेखोटेपणाची चौकशी करणार होते, पण आम्ही वाळू मागे टाकून उघड्या समुद्रात आलो आणि पीं... पीं... ची एकदम पींऽऽऽऽ झाली. होडीचा वेगही आपोआप पडला.

तांडेलनं पहिल्यांदाच मान वळवली. "ह्यां येगळां," म्हणाला आणि मशीन बंद केलं. पींऽऽ मात्र चालूच, कारण चावी चालू ठेवली होती. "ऱ्हवांदे. आयकूक व्हयां."

यानंतर काकांना थोपवणं अशक्य होतं. वीजखात्यात त्यांची हयात गेलेली. मशीनचं टोपण उघडताच ते सिलिंडरच्या डोक्यावरच्या बारक्या तापमापी स्विचपर्यंत पोचले आणि त्याची तार त्यांनी उपटली. सलग सूर गप्प, उरली ती ऑइलची तुटक पीं. "शॉर्ट होता," काकांनी जाहीर केलं. सुनेनं टाळ्या वाजवल्या.

तांडेल शांतपणे म्हणाला, "बोंबलणाऱ्याक गप केलात म्हणान आग इझता काय, काकानू?"

तार काढूनही सलग सूर वाजत राहिला असता, तर वाटेत कुठेतरी तार घासून मशीनला टेकलीय, असं म्हणता आलं असतं. तो थांबला, म्हणजे तार निर्दोष. आता एक तर स्विच खोटं बोलतोय, नाहीतर मशीन खरंच तापलंय. तांडेलनं समुद्रात बोट बुडवून पाण्याचा एक थेंब सिलिंडरच्या डोक्यावर टाकला. चर्र! थेंब नाहीसा. मग त्यानं तार पुन्हा जोडली, भोंगा पुन्हा किंचाळू लागला, आणि आम्हाला सांगण्यात आलं की आता काही न करता बसायचं.

लाटेवर बंद होडीत काही न करता बसणं ही पोटाची परीक्षा असते. सून एका बाजूला वाकून देत होती. काकांची नात, छोटी, आइस्क्रीम मागत होती. तिची मागणी वाटते तितकी अवांतर नव्हती. मिलवॉकीच्या ओले एविनरूडनं 1909 मध्ये आउटबोर्ड मोटरचा धंदा सुरू केला, त्यामागे म्हणे आइस्क्रीमच होतं: तळ्यापलीकडून ते आणायला तो वल्ही मारत गेला आणि परत येईतो त्याचं दूध झालं. हे सगळं मी छोटीला सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्याच्या मशीनला भोंगा होता?" नव्हता. तिला तो फार सुखी माणूस वाटला.

काही वेळानं पींऽऽ आपोआप थांबली. तांडेलचा चेहरा उजळला. निवल्यावर गप्प होतो तो स्विच चांगला. दोष पाण्याचा. हे मशीन समुद्राचंच पाणी ओढून थंड होतं, आणि ते फिरतंय याची खूण म्हणून मागून एक बारीक धार सुटते. भोंगा कितीही बोलो, तांडेलचा विश्वास त्या धारेवर. तिच्या तोंडात त्यानं गळाची दोरी सरकवून पाहिली. तोंड मोकळं. मग त्यानं मशीन वर उचललं. पाणी ओढायच्या जाळीवर वेफर्सची पिशवी घट्ट बसली होती.

काका म्हणाले, "आमची नव्हे. आमचे वेफर्स मसाल्याचे होते."

मशीन चालू झालं, धार आली, पण रोडावलेली. आतल्या रबरी चक्रीची पाती संगमाच्या वाळूनं घासलीत, असं तांडेल म्हणाला. चक्री जेटीवरच बदलता येणार, तेव्हा हळूहळू परत. आम्ही सगळे धारेकडे डोळे लावून बसलो, एवढं लक्ष आम्ही निवतीच्या किल्ल्याकडेही दिलं नव्हतं.

जेटीला उतरल्यावर काकांनी ठरलेली अट काढली: डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत.

"दिसले ना!" छोटी म्हणाली. "तुम्ही तार ओढत होता तेव्हा आले होते. खूप होते. एक तर अगदी जवळ आला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस."

"चेडवान बघल्यान ना? मग झालां," म्हणत तांडेलनं हात पुढे केला. काकांनी पाकीट काढलं. फक्त छोटीचं तिकीट अर्धं धरावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.