तंबोरे लागताहेत

मैफलीच्या छापील पत्रिकेत गायकाचं नाव असतं, साथीदारांची असतात, आणि दीपप्रज्वलन कोणाच्या शुभहस्ते हे तर गायकाहूनही ठळक टायपात असतं. मला जो भाग सर्वांत आवडतो त्याचा मात्र तिथे मागमूस नसतो. पडदा वर गेलेला आहे. बुवा बैठकीवर येऊन, नमस्कार करून, झब्ब्याच्या बाह्या सारख्या करताहेत. मागे दोन शिष्य तंबोरे घेऊन बसलेत, आणि बुवांनी अर्धवट वळून त्यातल्या एकाच्या खुंटीला हात घातला आहे. बस्स, इथून पुढची दहा-पंधरा मिनिटं माझी. बाकीचं सभागृह या वेळात शेवटचे फोन उरकतं, बटाटेवड्याचा कागद चुरगाळतं, पार्किंगमध्ये अडकलेल्या मेहुण्याला "अजून सुरू व्हायचंय, ये निवांत" असं कळवतं. माझ्या लेखी सुरू झालेलं असतं. पुढे गाणं रंगलं तर तो नफा.

जवळून पाहिलं तर तंबोरा लावणं हा मोठा अजब उद्योग आहे. तारा अवघ्या चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटी खर्ज. वाजवायचं म्हणाल तर काहीच नाही, एकामागून एक छेडत राहायचं. पण त्या चौघींना एका मताला आणेपर्यंत भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आधी खुंटी पिळून तार अंदाजाने जागेवर आणायची. मग घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी किंचित सरकवायचा. आणि सगळ्यात शेवटी घोडीवर, तारेच्या पोटाखाली अडकवलेला सुताचा दोरा. तो नखभर इकडे झाला तर तार मुकी, नखभर तिकडे झाला तर नुसती खरखर. मधे कुठेतरी त्याची एक जागा असते. ती सापडली की जवारी खुलते, आणि इतका वेळ तार म्हणून वाजणारी तार एकदम उजेड पडल्यासारखी सभागृहभर पसरते. त्या क्षणी बुवांच्या चेहऱ्याकडे पाहावं. गाताना त्यांना लोकांसाठीही थोडं हसावं लागतं. हे हसू फक्त त्या दोऱ्यासाठी असतं. खर्ज चोख लागला तर त्यातून गंधार बोलू लागतो. चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नाही, तरी तो येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या कंपनात मूळ सुराबरोबर तिचे उपस्वर वाजतात, मूळ सूर धरून मोजलं तर त्यांतला पाचवा तो गंधार, असं त्याचं सरळ शास्त्रीय उत्तर आहे. मी ते वाचलं आहे. वाचून माझ्यात काडीचा फरक पडलेला नाही.

याच वेळात जाणकारांचा एक बिनखर्चाचा जुगार चालतो. पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लागायला लागली की मागच्या रांगेत कुजबुज होते, "मालकंस!" निषादात लागली तर "मारवा की पूरिया?" यावर दोन सद्गृहस्थांत चहाची पैज लागते. तबलजी शेजारी हातोडी काढतो. इतक्या नाजूक कलेच्या व्यासपीठावर राजरोस हातोडी चालवण्याची मुभा असलेला हा एकटाच इसम. तो एखादा गठ्ठा ठोकतो, गजऱ्यावर दोन टोले देतो, चाटेवर बोट टेकवून ऐकतो, पुन्हा ठोकतो. पेटीवाल्याला मात्र यातलं काही नाही. त्याचे सूर आधीच ठरून आलेले. तो षड्ज दाबून धरतो आणि सरकारी नोकरी लागलेल्या मुलाने स्पर्धा परीक्षेला बसलेल्या भावंडांकडे पाहावं, तसा प्रेमाने बाकीच्यांकडे पाहत राहतो.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला एक किस्सा संगीतप्रेमींच्या घोळक्यात हमखास निघतो. १ ऑगस्ट १९७१. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी घडवून आणलेला जलसा. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. मंडळींनी दीडेक मिनिट वाद्यं मिळवली आणि हात थांबवले, तोच हजारो तरुणांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी आभार मानले आणि सूर मिळवणं इतकं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी मिस्कीलपणे म्हणाले. आपल्याकडे हा किस्सा 'त्या बापड्यांना काय कळतंय' अशा सुरात सांगतात आणि सगळे आपापल्या जाणकारीवर खूश होऊन हसतात. मला त्या मुलांचंच बरोबर वाटत आलंय. हे अजून संगीत नाही, असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. बेसूर आणि सूर यांच्यामधला दीड मिनिटाचा प्रवास त्यांनी डोळ्यांदेखत पाहिला आणि मुक्कामाला पोचल्याबद्दल टाळ्या दिल्या. आपण इतकी वर्षं गाणं ऐकतो. जवारी खुलली म्हणून कधी टाळी दिली आहे? त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकांत त्या टाळ्या आणि रविशंकरांचं ते वाक्य दोन्ही राहू दिलंय, याबद्दल मी संबंधितांचा ऋणी आहे.

एरवी तबकडीला हे लाड परवडणारे नव्हतेच. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ध्वनिमुद्रणाला बसल्या तेव्हा एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात सगळं आटपून शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगायचं, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि गाणं कोणाचं हे तिथल्या माणसांना कळायला हवं. त्या जुन्या तबकड्यांवर माझा जीव आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांचा तो टोकदार, ओला आवाज तीन मिनिटांत जे करतो त्याला तीन तास हवेत असं कोण म्हणेल? पण तबकडीने एक खोड लावली. गाणं गाण्यापासूनच सुरू होतं, त्याच्या आधी काही नसतं, असं ती आपल्याला पटवून गेली.

सिनेमाने तर कहर केला. सिनेमातला तंबोरा उतरतच नाही. नायक वर्षानुवर्षं रानोमाळ भटकतो, एका पावसाळी रात्री पडक्या वाड्यात परततो, खुंटीवरचा तंबोरा काढून धुळीवर फुंकर मारतो आणि छेडतो, तर सगळ्या तारा जागच्या जागी! वाड्याचं छत कोसळलंय, पंचम शाबूत. पुढे नायक तो सतारीसारखा आडवा धरतो आणि झाडामागून शंभर व्हायोलिनं साथीला येतात, ते आपण चालवून घेतो. शिवाय सिनेमातल्या गाण्यात कोणीतरी हरावं लागतं. 'बैजू बावरा'त (१९५२) अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर यांच्या गळ्यांची जुगलबंदी लागते आणि निकाल संगमरवर पाझरण्यावर ठरतो. 'बसंत बहार'मध्ये (१९५६) नायकासाठी मन्ना डे गाणार आणि पराभूत गवयासाठी भीमसेन जोशी, हे कळल्यावर मन्ना डे इतके हादरले की पळून जावं असं त्यांच्या मनात आलं, हे त्यांनीच पुढे सांगून ठेवलंय. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला तो प्रसंग आजही धड बघवत नाही. पण मन्ना डे गायलेत मात्र सुरेख, हेही कबूल केलं पाहिजे.

दोनच सिनेमांना मी वेगळं काढतो. सत्यजित राय यांच्या 'जलसाघर'मध्ये (१९५८) बुडीत निघालेला जमीनदार शेवटची पुंजी एका मैफलीवर उधळतो. त्यातला रोशनकुमारींचा नाच थोरच, पण मी पुन्हा पुन्हा पाहतो तो बंद पडलेला दिवाणखाना उघडून नोकर साफसफाईला लागतो तो भाग. म्हाताऱ्याचा आनंद नुसता उतू जात असतो. गाणाऱ्यांचा अजून पत्ता नाही आणि याची मैफल रंगात आलेली. दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' (२०२०). त्यातला तरुण गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर श्रद्धा, भूक आणि थोडीशी असूया एकदम दिसते. मैफलीत मागे बसलेल्या मुलांचे चेहरे मी तेव्हापासून जास्त निरखून पाहू लागलो. सगळेच काही सुरात हरवलेले नसतात. एखाद्याचा पाय मेलेला असतो, आणि मांडी बदलायची तर गुरूंची तान संपायला हवी.

सूर लावण्याची खरी परीक्षा पुण्याच्या डिसेंबरात. १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं रमणबागेच्या मैदानावर रात्र रात्र चालायचा. ग्रीनरूममध्ये माणसांच्या उबेत चोख लागलेले तंबोरे उघड्या मंडपातल्या गारठ्यात आले की तारा आखडत, सूर चढत, आणि सगळं पहिल्यापासून. त्यावर दिव्यांचा उष्मा. चामडं दवाने वेगळंच बोलायचं, म्हणून तबलजीची हातोडी. पहाटे दोनच्या सुमारास हजारो माणसं मफलर गुंडाळून, दोन माणसांनी एक तार जुळवण्याची वाट बघताहेत, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, हे दृश्य बाहेरगावच्या माणसाला समजावणं कठीण आहे. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची वेस आली आणि मालकंसाला नऊलाच उठून तयार व्हावं लागलं. घड्याळाकडे डोळा ठेवून लावलेला तंबोरा लागतो, पण त्यात मजा नाही. आता तर गायकाच्या मांडीजवळ इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा साधा मोबाइल पडलेला असतो. काळी चार म्हटलं की काळी चार, थंडी असो वा पाऊस. तो कधी उतरत नाही, हीच माझी त्याच्याबद्दलची तक्रार आहे. ज्याला उतरणं माहीत नाही, त्याच्या लागण्याचं कौतुक काय करायचं?

हा सगळा नाद मला लावला माझ्या मामाने. मामा गात नसे. देवाची आरतीसुद्धा तो ओठांनीच म्हणायचा. पण त्याच्याकडे मिरजेचा एक तंबोरा होता. मिरजेत सतारमेकरांच्या पिढ्यान् पिढ्या यातच गेल्या आहेत. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मामा रोज संध्याकाळी कचेरीतून आला की चहा घेऊन तंबोरा लावायला बसे. अर्ध्या-पाऊण तासाने लागला की पाच मिनिटं छेडायचा, गवसणीत घालायचा आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचा. "अहो, मग लावता कशाला?" असं मामीने एकदा विचारलं तेव्हा तो खरोखरच गोंधळला. स्वयंपाकघरातून ती मधूनच "जोडातली दुसरी उतरलीय" असं ओरडायची, आणि तिचं बरोबर असायचं. मला वाटतं, लग्न टिकवण्याच्या अनेक रीतींपैकी तीही एक होती.

पंचाहत्तरीनंतर मामाच्या कानाला यंत्र आलं. या यंत्रांचं पहिलं काम माणसांचं बोलणं ऐकवायचं. संथ, अखंड चालणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर मोटार, अशी त्यांची पक्की समजूत, त्यामुळे मामाचं यंत्र तंबोऱ्याला गोंगाट समजून दाबायला बघायचं. बंदिशीचे शब्द ठणठणीत, आणि मागचा षड्ज गायब! मामा रोज सकाळी ते कानात घालून, काढून, बटणं दाबून पाहत बसे. "चाललंय काय मामा?" म्हटलं तर म्हणायचा, "अरे, जवारी काढतोय." वर त्या यंत्राला शिट्टी वाजवायची सवय. एका मैफलीत बुवा तंबोरे मिळवत असताना आमच्या रांगेतून एक बारीक, चिवट सूर उठला. बुवांनी आधी डाव्या तंबोऱ्याकडे पाहिलं, मग उजव्या. ध्वनिव्यवस्थेवरचा मुलगा तारा तपासत धावला. मी मामाला कोपराने ढोसलं. त्याने यंत्र काढून खिशात टाकलं आणि उरलेली मैफल तशीच, गुडघ्यावर बोटांनी पंचम-जोड-जोड-खर्ज छेडत बसून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येईल त्याला तो सांगत होता, की गाणं झकास झालं, पण डाव्या तंबोऱ्याचा पंचम शेवटपर्यंत चढाच होता.

"अहो, पण यंत्र तर खिशात होतं ना तुमच्या?" मामी म्हणाली.

"म्हणून तर कळलं," मामा म्हणाला, आणि चहा मागितला.