मोकळी जागा

१९९१ च्या नियमाने मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: पालिका, म्हाडा, मालक. फारच ढोबळ न्याय. २००१ मध्ये तो सुधारला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची! शेड जिथे उभी, ती जागा मोकळी कशी?

कॉटन ग्रीनचे एक निवृत्त साचेवाले सरकारवर खूश आहेत. ‘‘आमच्या तब्येतीची केवढी काळजी! गिरणी कामगारांना घरं मुंबईबाहेर, शेलू-वांगणीला देतायत. परळात टॉवरच्या सावलीत ऊन कुठून मिळालं असतं?’’

माझी नम्र सूचना: मुलांना कर्जतपलीकडे घर द्यावं, नातवांना घाट ओलांडून, पणतवंडांना थेट मूळ गावी. पुनर्वसन संपूर्ण, मुंबई संपूर्ण मोकळी.

तेव्हा मात्र वाटणीचा नियम पुन्हा सुधारावा लागेल.