नियोजनपंत

सिॲटलच्या तळ्यापलीकडे बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश या पट्ट्यात मराठी माणसांचा जिथे जिथे म्हणून कंपू आहे, तिथे एक नियोजनपंत असतोच. गणपतीत आरत्यांचा क्रम तोच लावतो. पॉटलकला कोणी काय आणायचं याचा तक्ता तोच करतो, कारण एकदा तीन घरांतून मसालेभात आला होता आणि ते शल्य त्याला अजून आहे. पण ही झाली किरकोळ कामं. त्याचं खरं जीवितकार्य एकच: एन्चांटमेंट्स, एका दिवसात.

आमच्या पंतांना विचाराल तर ते एका दमात सांगतील, "दोन सिंहगड वर, तीन सिंहगड खाली." पंत मूळचे पुण्याचे. कॉलेजात असताना दर रविवारी आतकरवाडीतून गड चढायचे, त्यामुळे जगातली कुठलीही चढण ते सिंहगडातच मोजतात. वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतात, आल्पाइन लेक्स नावाचं रान आहे. १९७६ साली कायद्याने राखलेलं. त्यात सात हजार फुटांच्या आसपास, नुसत्या ग्रॅनाइटच्या खळग्यांत, एकामागून एक तळी आहेत, तीच एन्चांटमेंट्स. स्टुअर्ट लेकच्या वाटेने शिरायचं, तळ्यातळ्यांवरून चालत स्नो लेक्सच्या वाटेने उतरायचं. अंतर अठरा-एकोणीस मैल. अठरा की एकोणीस, यावर पंतांचा स्वतंत्र अभ्यास आहे. तो विषय काढू नये.

मुक्कामाला परवाना लागतो आणि तो लॉटरीने मिळतो. १५ फेब्रुवारी ते १ मार्च अर्ज घेतात. अर्ज हजारोंनी, जागा मोजक्या. एका दिवसात पार होणाऱ्याला मात्र कोणी अडवत नाही. वाटेच्या तोंडाशी फुकटचा कागद भरायचा आणि चालू पडायचं. पंत दर वर्षी अर्ज करतात, दर वर्षी नकाराची मेल येते, आणि तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. दुःख नावाला. लॉटरी लागली असती तर खरी पंचाईत होती. तीन रात्री तंबू ठोकून तळ्याकाठी बसायचं. त्यात माणसाने नियोजन ते कशाचं करायचं?

मग ग्रुप निघतो. आधी 'एन्चांटमेंट्स', मग 'एन्चांटमेंट्स फायनल', मग 'फायनल (फक्त येणारे)'. मार्चमध्ये अकरा जण हात वर करतात, कारण मार्चमध्ये बाहेर पाऊस असतो आणि हात वर करायला सोफ्यावरून उठावं लागत नाही. जूनमध्ये गळती सुरू होते. एकाचे आईवडील भारतातून आलेले असतात. एकाला व्हिसाच्या शिक्क्यासाठी जावं लागतं. एकाची त्याच आठवड्यात ऑन-कॉलची पाळी निघते. एकाचा गुडघा, हा गुडघा मेपर्यंत उत्तम असतो. पंत कोणावरही रागावत नाहीत. गळतीचा अंदाज त्यांनी आधीच धरलेला असतो आणि ऑगस्टमध्ये बरोबर पाच जण उरले की त्यांना मनातून बरंच वाटतं. पाच म्हणजे एक गाडी.

तारीख हा त्यांच्या तक्त्यातला सगळ्यात लांबलचक भाग, आणि इथे त्यांना हसणारा माणूस अडाणी समजावा. कोलचक तळ्यावरून आसगार्ड खिंडीत चढायचं म्हणजे मैलभराच्या आत बावीसशे फूट, सगळी दगडधोंड्यांची उतरंड. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे बर्फ असतो, बर्फाखालून पाणी वाहत असतं, वरचा थर पोकळ होतो. त्यात माणसं गेलेली आहेत. जुलैत डास. सप्टेंबरअखेर लार्चची झाडं सोनेरी होतात. सूचिपर्णी असूनही हे झाड पानं गाळतं. तेव्हा अख्खं सिॲटल तिथे लोटतं, शिवाय दिवस लहान. उरला ऑगस्ट, आणि ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर. म्हणजे मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींनाही घाम फुटावा अशी ही पंचांगाची अडचण. पंत ती एकटे सोडवतात, आणि शिवाय एक राखीव शनिवार काढून ठेवतात.

मग त्यांच्या घरी बैठक. पोहे, चहा, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर नऊ टॅबचा तक्ता. पहिला दीड तास चर्चा दिशेवर झाली, म्हणजे पंत बोलले. स्टुअर्टचं तोंड साधारण चौतीसशे फुटांवर आणि स्नो लेक्सचं तेराशेवर, त्यामुळे स्टुअर्टकडून सुरुवात केली तर दोन हजार फुटांची चढण वाचते. हे पहिल्या मिनिटात सगळ्यांना पटलं होतं. विरोधात कोणीच नव्हतं. पण पंतांनी विरोधी पक्षाचीही बाजू स्वतःच मांडली आणि स्वतःच खोडून काढली.

नंतर वेळापत्रक. पहाटे साडेचारला चालायला सुरुवात, सातला कोलचक, साडेनऊला आसगार्ड. प्रत्येक तळ्याला ठरावीक मिनिटं. कोलचकसमोर लिहिलं होतं: पाणी गाळून भरणे ५, फोटो ३, थक्क होणे ४. वहिनी आतून पोह्यांचा दुसरा घाणा घेऊन आल्या. "तळ्यात पाय बुडवायचे नाहीत का?" पंतांनी तक्त्याकडे बघितलं, मान हलवली. "थक्क होण्यात बसवा."

'इतिहास' या टॅबला शून्य मिनिटं होती, कारण तो चालता चालता सांगायचा होता. ए. एच. सिल्व्हेस्टर नावाच्या वनाधिकाऱ्याने या तळ्यांना हे मोहिनीचं नाव दिलं आणि पुढे लेव्हनवर्थच्या बिल आणि पेग स्टार्क या जोडप्याने परीकथांतली आणि नॉर्स पुराणातली नावं इथे मोकळ्या हाताने वाटली; आसगार्ड म्हणजे त्या पुराणातलं देवांचं गाव. तिथेच लिटल अन्नपूर्णा नावाचंही एक शिखर आहे. पंतांनी पुण्याला आईला फोन करून त्यातला फक्त दुसरा शब्द सांगितला होता, आणि माउलीने देवापाशी साखर ठेवली होती.

सातव्या टॅबचं नाव 'शंका'. तिथल्या डोंगरी शेळ्यांना मिठाची हाव असते आणि माणसाच्या लघवीत मीठ असतं. झुडपाआड गेलं की शेळ्या मागाहून येऊन झुडूप मुळासकट उकरतात, म्हणून वाटेपासून लांब, उघड्या खडकावर जावं, असा तिथला नियम. नियम चांगलाच आहे. पण पंतांनी खडकांच्या जागा नकाशावर टिंबं देऊन आखल्या होत्या.

किल्ल्यांचं कलम नवव्या टॅबात होतं. दोन टोकं, म्हणून दोन गाड्या: एक पहाटे स्नो लेक्सला सोडायची, दुसरीतून सगळ्यांनी स्टुअर्टला जायचं. कलम असं: दोन्ही गाड्यांच्या दोन्ही किल्ल्या, मूळ आणि जोड, मिळून चार, चार वेगळ्या माणसांच्या सॅकमध्ये, आतल्या चेनच्या कप्प्यात. इथे मात्र हशा झाला. विशेषतः राव हसले. राव म्हणजे पंतांच्या बरोबर उलटा माणूस. बाजारात भाजी आणायला जातो त्याच चपळाईने आणि त्याच बुटांत डोंगराला येतो. स्नो लेक्सला सोडायची गाडी रावांची. "अहो पंत, गाडी आहे, बँकेचा लॉकर नाही." पंत हसले नाहीत. त्यांनी रावांच्या घरी जाऊन जोडकिल्ली आणली आणि पावतीसारखा ग्रुपवर तिचा फोटो टाकला.

सरावाला माउंट साय झाला, मग मेलबॉक्स पीक, जिथे चार हजार फूट चढून गेल्यावर शिखरावर खरोखरच एक पत्रपेटी उभी आहे. सगळ्यांनी फोटो काढले, पंतांनी सगळ्यांच्या वेळा काढल्या. खाण्याचं वजन तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर झालं. ग्रॅमला किती उष्मांक, या एकाच कसोटीवर शेंगदाणे पहिले आले, लोणावळ्याची चिक्की दुसरी, तिखटमिठाच्या पुऱ्या सन्मानाने पास. काकडी सपशेल नापास. "नुसतं पाणी वाहून न्यायचं, तेही तळ्यांच्या प्रदेशात!" भारतातून आणलेली इलेक्ट्रालची पाकिटं माणशी चार. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि पंतांच्याच सॅकच्या तळाशी, रेनकोटात गुंडाळून, चार काकड्या घातल्या.

एवढं सगळं झाल्यावर प्रत्यक्ष चालायचं तेवढं उरलं.

मध्यरात्री स्टीव्हन्स पास ओलांडून आम्ही लेव्हनवर्थच्या बव्हेरियन माड्यांखालून गेलो, रावांची गाडी स्नो लेक्सला सोडली आणि ठरल्यापेक्षा सहा मिनिटं आधी स्टुअर्टला पोचलो. ही सहा मिनिटं पंतांनी दिवसभर जपून वापरली. कोलचकला पोचलो तेव्हा ऊन नुकतंच ड्रॅगनटेलच्या माथ्यावर आलं होतं आणि खाली पाणी मोरपिशी रंगाचं. कोणी काही बोललं नाही. पंतही बोलले नाहीत. पण चार मिनिटं झाल्यावर त्यांच्या घड्याळाने बारीक 'टिंग' केलं.

आसगार्डच्या चढावर माणूस उघडा पडतो. पाऊल टाकलं की बारीक खडी मागे सरकते, दगडांच्या मनोऱ्यांवरून वाट शोधायची, खिंड वर दिसत राहते आणि तेवढीच लांब राहते. पंत दर पंधरा मिनिटांनी उंची जाहीर करत होते. राव, भाजी आणायच्या बुटांत, केव्हाच पुढे निघून गेले होते. मागून कोणीतरी धापा टाकत म्हणालं, "पंत मेले, राव चढले." पंतांनी वळून पाहिलं. "मेले नाहीत. अकरा मिनिटं मागे आहेत."

खिंडीत पोचल्यावर चिक्की निघाली. तोंडाला कोरड, चिक्की दाताला चिकटलेली, आणि शेंगदाण्याकडे कोणी बघेना. तेवढ्यात वारा सुटला म्हणून पंतांनी रेनकोट उलगडला आणि काकड्या घरंगळत बाहेर आल्या. पंतांनी त्या हातात घेतल्या, वजनाचा अंदाज घेतला, ओठ मिटले. मग खिशातल्या चाकूने पाच जणांत अगदी सारखे भाग केले, मीठ लावलं, आणि स्वतःचा वाटा खाऊन रावांच्या वाट्यातली एक फोडही खाल्ली. एक पांढरी शेळी पिल्लाला घेऊन दहा पावलांवर येऊन मिठाच्या पुडीकडे बघत उभी राहिली होती. पंतांनी तिला टाळ्या वाजवून हाकललं आणि आम्हाला सातवा टॅब तोंडपाठ म्हणून दाखवला.

वेळापत्रक मोडलं ते इन्स्पिरेशन तळ्यापाशी. राव शर्ट काढून सरळ पाण्यात शिरले, बर्फाचं पाणी, किंकाळी समोरच्या कड्यावर आपटून परत आली. मग एकेक जण बूट काढू लागला. पंत काठावर उभे. तक्ता फोनवर, फोन हातात. पलीकडे प्रूसिक शिखर आभाळात घुसलेलं, तळी पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेली, आणि हा माणूस मनातल्या मनात स्नो लेक्सची वेळ पुढे सरकवत होता. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण आम्ही जे बघत होतो ते पंत एप्रिलपासून बघत होते, नकाशावर, उपग्रहावरून, रात्री सगळे झोपल्यावर. त्यांचं थक्क होणं केव्हाच उरकलं होतं.

पर्फेक्शन झालं, लेप्रेकॉन झालं. व्हिव्हिएनपासून खालचा ग्रॅनाइट उतार, त्यात ठोकलेल्या सळयांवर पाय देत उतरलो. स्नो लेक्सचा बुटका बंधारा ओलांडला. तिथलं पाणी खालच्या मत्स्यबीज केंद्राला जातं, हे पंतांनी सांगितलं आणि कोणीच 'हं' म्हटलं नाही. शेवटचे सहा-सात मैल नुसती उतरण. गाडीतळ वरून दिसतो. वळण घेतलं की पुन्हा दिसतो. तो दिसण्यात कसूर करत नाही, येण्यात करतो. अंधार पडला, हेडलॅम्प लागले, तिसरा सिंहगड गुडघ्यांत उतरला. आयसिकल क्रीकचा पूल ओलांडला तेव्हा पावणेदहा वाजले होते, तक्त्यात साडेसहा.

रावांनी खिसे चाचपले. सॅक उघडली, झटकली, उलटी केली. मग ते जे बोलले ते छापण्यासारखं नाही, पण आशय असा की रावांच्या गाडीची किल्ली दुसऱ्या गाडीत, कप ठेवायच्या खाचेत, डोंगराच्या पलीकडे होती. फोनला रेंज नाही. एक जण तिथेच खडीवर आडवा झाला.

आणि पंत उजळले. मला दुसरा शब्द सुचत नाही. दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर जे नव्हतं, कोलचकला नाही, इन्स्पिरेशनला नाही, ते आता हेडलॅम्पच्या उजेडात आलं. त्यांनी सॅक सावकाश खाली ठेवली. आतल्या कप्प्याची चेन उघडली. प्लास्टिकच्या पिशवीतली पिशवी, तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर अक्षर: 'राव, जोड.'

"टॅब नऊ," पंत म्हणाले.

रावांनी त्यांना मिठी मारली. पंतांनी ती मारू दिली, पण एका हाताने वेळ टिपून घेतली.

स्टुअर्टच्या गाडीकडे परत जाताना मागचे दोघे घोरत होते, राव गाडी चालवत होते आणि मी डोळे मिटले होते. पंत पुढच्या सीटवरून मागे वळले, फोनचा उजेड माझ्या तोंडावर पाडला. "प्रत्यक्ष वेळा आत्ताच भरून टाकू, उद्या कोणाला आठवणार नाही. तू खडकामागे गेलास तो पर्फेक्शनला, की लेप्रेकॉनला?"