कुत्र्याची साक्षांकित प्रत

भाच्याने पेनसिल्व्हेनियात, पोकोनोजच्या डोंगरात एक लाकडी घर घेतलंय. स्वतः राहतो न्यू जर्सीत. घर देतो सुट्टीवाल्यांना भाड्याने. दारावर पाटी आहे : 'पाळीव प्राणी आणू नयेत.' पाहुणे पाटी वाचतात आणि कुत्रा आत नेतात. कारण तो पाळीव नसतोच; तो 'मदतनीस' असतो.

परवा एकाने बुकिंगसोबत कुत्र्याचं प्रमाणपत्रच पाठवलं. सोनेरी कडा, गरुडाचा शिक्का, नोंदणी क्रमांक, कुत्र्याचा पासपोर्ट फोटो. माझे हात आपोआप जुळले. मी जिवंत आहे, हे मला दर नोव्हेंबरात दाखला देऊन सिद्ध करावं लागतं. तोही इतका देखणा नसतो.

"मामा, हा कागद रद्दी आहे," भाचा म्हणाला. सरकारी नोंदणी मुळात नाहीच. पैसे भरले की वेबसाइटवाले कुणालाही प्रमाणपत्र देतात. उलट १९९०चा अपंगत्वविषयक कायदा सांगतो, कागद मागायचा नाही, आजार विचारायचा नाही, 'करून दाखव' म्हणायचं नाही, जादा आकार लावायचा नाही. विचारायचे फक्त दोन प्रश्न : अपंगत्वामुळे हा प्राणी लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? मालक त्याच घरात राहत असेल आणि भाड्याच्या खोल्या पाचापर्यंत असतील तर सूट. हा राहतो दोन तास लांब, म्हणजे सूट नाही.

कागद न मागणारा कायदा! मला गरगरलं.

सोनेरी प्रमाणपत्रवाल्याला भाच्याने दुसरा प्रश्न विचारला. उत्तर आलं, "तो जवळ असला की बरं वाटतं." बरं वाटणं हे या कायद्यात काम धरत नाहीत. कायमच्या राहत्या घराचा कायदा वेगळा, तिथे मनाच्या आधाराचा प्राणीही चालू शकतो. विमानातही चालायचा, मग २०१८मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई आधाराचा मोर घेऊन आल्या. कंपनीने मोराला घेतलं नाही, आणि २०२१पासून विमानात मदतनीस म्हणून मान उरला फक्त शिकवलेल्या कुत्र्याला. जमिनीवर मात्र बुटक्या घोड्याचाही विचार करावा लागतो. भाचा रोज प्रार्थना करतो.

शनिवारी एक अंध बाई आल्या. कागद नाही, शिक्का नाही. "पायरी आली की थांबतो," एवढंच उत्तर. किल्ली द्यायला मी दारात होतो. कुत्रा पहिल्या पायरीशी थांबला. बाईंचा पाय पायरीला लागेपर्यंत हलला नाही. माझ्या हातून चिवडा सांडला, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कामाच्या वेळी खायचं नाही, हा नियम पाळणारा कर्मचारी मी तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिला.

भाच्याने ते दोन प्रश्न मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवले. संध्याकाळी त्याची मामी चहा टाकता टाकता ते वाचत होती. मी सोफ्यावर पडलो होतो.

"का रे," ती भाच्याला म्हणाली, "यांना कोणतं काम शिकवलंय?"

माझ्याकडे बी.कॉम.चं प्रमाणपत्र होतं. साक्षांकित प्रतही होती. पण या घरात कागद चालत नव्हता.