ईर्षा आपली, झेंडा उसना

2022 च्या नोव्हेंबरात आमच्या मामांनी चौकात मेस्सी उभा केला. उंची वीस फूट. वर ठळक अक्षरांत ‘नाद करायचा नाय’. खाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो. त्यांतले नऊ गॉगलमध्ये, तिघे मोबाइल कानाला लावून. मधला फोटो मामांचा. एका चिकित्सक माणसानं मोजून पाहिलं, तर मामांचं डोकं मेस्सीच्या डोक्यापेक्षा दोन इंच मोठं निघालं. पैसे मामांनी दिले होते, त्यामुळं यात गैर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच समोर पंचवीस फुटी नेमार. तो लावला होता मामांच्या सख्ख्या भाच्यानं, मंगळवार पेठेतल्या. त्याच सुमारास केरळातल्या पुल्लावूरला नदीच्या पात्रात 30 फुटी मेस्सी आणि त्याला उत्तर म्हणून 40 फुटी नेमार उभा राहिल्याची बातमी आली. ती वाचून मामा खिन्न झाले. म्हणाले, “आणि हितं आपली पंचगंगा मोकळी पडलीया!”

परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की कोल्हापुरात ईर्षा लागते. भूक लागते, तशी. ती तालमीला लागते, मंडळाला लागते, गणपतीच्या मिरवणुकीत लागते आणि मटणाच्या पंगतीत तर हमखास लागते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉल संघांचा सामना असला की पेठांमधली दुकानं ओस पडतात आणि पोलिसांच्या सुट्ट्या रद्द होतात. पण विश्वचषक आला की एवढी मोठी ईर्षा ठेवायची कुठं, हा प्रश्न पडतो. आपला देश तर स्पर्धेत नसतो. मग दक्षिण अमेरिकेतले दोन देश दत्तक घ्यावे लागतात.

मामांचं दत्तकविधान 1986 चं. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मामांनी मॅराडोना पाहिला. 22 जूनला इंग्लंडविरुद्ध त्यानं एक गोल हातानं केला आणि चार मिनिटांनी दुसरा, निम्म्या संघाला चकवून. पहिल्या गोलला हात लागल्याचं पुढं खुद्द मॅराडोनानं कबूल केलं. मामांनी अजून केलेलं नाही. “त्याला काय आठवतंय? त्यो पळत हुता. मी बसून बघत हुतो.”

भाचा ब्राझीलचा का, तर मामा अर्जेंटिनाचे म्हणून. याहून सबळ कारण त्याला विचारू नये. 2014 च्या उपांत्य सामन्यात जर्मनीनं ब्राझीलला ब्राझीलमध्येच 7-1 असं धुतलं, तेव्हापासून त्या घरात सात हा आकडा जपून वापरतात. वार मोजतानासुद्धा मामा शुक्रवारनंतर जरा थांबून भाच्याकडं बघतात.

तर कतारचा विश्वचषक सुरू झाला. 22 नोव्हेंबरला दुपारी साडेतीनला अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. मामांनी सौदीचा मान राखून अर्धी रजा टाकलेली. मेस्सीनं पेनल्टीवर गोल केला; पुढं पूर्वार्धातच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले आणि उत्तरार्धात सौदीनं पाच मिनिटांत दोन मारले. अर्जेंटिना हरली. भाच्यानं पेढे वाटले. मामांनी त्या संध्याकाळपासून गाडीत पेट्रोल भरणं बंद केलं. “सौदीला एक पैसा मिळू देणार न्हाई.” चार दिवस ते सायकलवरून हिंडले. 26 तारखेला अर्जेंटिनानं मेक्सिकोला हरवलं, तेव्हा सौदीच्या अर्थव्यवस्थेवरचं संकट टळलं.

या चार दिवसांत चौकात ऑफसाइडवर जी चर्चा झाली, ती जपून ठेवायला हवी होती. एकानं हा नियम रेशनच्या रांगेचं उदाहरण देऊन समजावला, दुसऱ्यानं एसटीत रुमाल टाकून जागा धरण्याचं. रुमाल ऑफसाइड धरायचा की नाही, यावरून दोघांत बोलणं बंद झालं. कतारमध्ये हा निकाल यंत्र काही सेकंदांत देत होतं. चौकात यंत्र नसल्यानं रात्रीचे दोन वाजले.

चौकात एक तिसरी जातही वावरत होती. तिचा संघ रोज बदले. गट फेरीत जर्मनीचा शर्ट. जपाननं जर्मनीला हरवल्यावर जपान. मोरोक्कोनं स्पेनला घरी पाठवल्यावर मोरोक्को. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पक्ष सोडायचा म्हणून आपल्या आमदारांना सुरत गाठावी लागली, तिथून गुवाहाटी. या गृहस्थांनी सगळी पक्षांतरं एकाच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून केली आणि दर वेळी ‘मूळ विचार’ आपल्याकडंच असल्याचं सांगितलं.

पोर्तुगालवाले आमच्याकडं थोडे. ते बघायचे तर गोव्यात जावं. कळंगुटला डिसेंबर 2021 मध्ये रोनाल्डोचा पुतळा उभा राहिला, गोवामुक्तीची साठ वर्षं पुरी झाल्याला जेमतेम दहा दिवस होत होते तेव्हा. काहींनी काळे झेंडे दाखवले, बाकीच्यांनी सेल्फी काढले. साडेचारशे वर्षांचं राज्य घालवता येतं, सात नंबरचा शर्ट घालवता येत नाही. पुढच्याच वर्षी मोरोक्कोविरुद्ध रोनाल्डोला सुरुवातीला बाकावर बसवलं आणि पोर्तुगाल बाहेर पडलं. कळंगुटचा मात्र अजून उभा आहे. त्याला कोणी बसवू शकत नाही.

आता मामी. मामी प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्या क्रोएशियाच्या बाजूनं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “त्यांचा शर्ट आमच्या डब्याच्या फडक्यासारखा आहे. चौकटी-चौकटीचा. माणसं घरची वाटतात.” हे ऐकून मामा आणि भाचा दोघंही हसले. 9 डिसेंबरच्या रात्री डब्याच्या फडक्यानं ब्राझीलला पेनल्टींवर पुसून काढलं. भाचा गच्चीवर जाऊन बसला. मामांनी तांबड्या रश्श्याचं पातेलं वर पाठवलं, सोबत निरोप : “सात वाट्या पी.”

अंतिम सामन्याच्या रात्री, 18 डिसेंबरला, अर्जेंटिना 2-0 नं पुढं होती. मामा गुलाल फोडायच्या बेतात. ऐंशीव्या मिनिटाला भाचा ‘काय झालं?’ विचारत आत आला आणि सत्त्याण्णव सेकंदांत एम्बाप्पेचे दोन गोल झाले. जगभरच्या जाणकारांनी फ्रान्सनं बदललेल्या खेळाडूंवर लेख लिहिले. खरं कारण दाराशी चपला काढत होतं. त्याला हात धरून जिन्यात बसवण्यात आलं. जादा वेळेच्या अखेरीस, 123 व्या मिनिटाला, अर्जेंटिनाच्या गोलरक्षकानं पाय टाकून चेंडू अडवला, तोही भाचा जिन्यात होता म्हणूनच. पेनल्टींवर अर्जेंटिना जिंकली. गुलाल उधळला. जिन्यातून आलेला भाचाच त्यात सगळ्यात जास्त माखला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मामींनी विषय काढला. “आमची क्रोएशिया तिसरी आली. मागच्या खेपेला दुसरी होती. तिथं माणसं किती असतील?”

भाच्यानं मोबाइलवर पाहिलं. 2021 च्या त्यांच्या जनगणनेत 38 लाख 71 हजार.

मामी बशी खाली ठेवत म्हणाल्या, “2011 ला जनगणनेच्या कामाला मी होते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची भरली 38 लाख 76 हजार. म्हणजे आपणच पाचेक हजारांनी जास्त.”

खोलीत शांतता पसरली. मग मामा म्हणाले, “आपल्याकडं मैदानं न्हाईत.” भाचा म्हणाला, “संघटनेत राजकारण.” मामा म्हणाले, “पोरांना घरातनंच सोडत न्हाईत.” भाचा म्हणाला, “सगळा पैसा क्रिकेटला.” मामा-भाच्याचं पाठोपाठ चार मुद्द्यांवर एकमत झाल्याची या घराण्यातली ही पहिलीच वेळ. आपला देश का खेळत नाही, या विषयावर आपली बचावफळी अभेद्य आहे.

मुद्दे खरेच आहेत. पण आमच्या बाजूचाही हिशेब थोडा मांडायला हवा. 1 जून 2018 ला मुंबईत, अंधेरीला, भारतानं चायनीज तैपेईला 5-0 नं हरवलं. सुनील छेत्रीची हॅटट्रिक. प्रेक्षक 2,569. छेत्रीनं व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले, ‘शिव्या द्यायला या, पण या’ अशा अर्थाचं काही बोलला, तेव्हा कुठं पुढचा सामना भर पावसात भरला. त्यानंतर दहा दिवसांनी रशियातला विश्वचषक सुरू झाला आणि त्याला कुणी हात जोडावे लागले नाहीत.

11 जून 2024 ला दोह्यात पात्रता फेरीत भारत कतारविरुद्ध 1-0 नं पुढं होता. कतारनं बरोबरी साधली, ती रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून. रेफ्रीनं गोल दिला. तिथं व्हिडिओ बघून निर्णय तपासणारं व्हीएआर नव्हतं. भारत 2-1 नं हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. 1986 च्या हातावर ज्या चौकात अजून मारामाऱ्या होतात, तिथं या चेंडूबद्दल कुणी चहाचा कप बाजूला ठेवला नाही. मीही नाही, मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. सौदीवर बहिष्कार टाकणाऱ्या मामांनी कतारला काहीच शिक्षा केली नाही.

2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. मेस्सीला डाव्या पायाचा बूट किती नंबरचा लागतो हे सांगणारी पोरं आमच्या चौकात आहेत. अनिकेत कुठल्या जागेवर खेळतो, असं विचारलं तर ती मोबाइल काढतात.

2026 च्या विश्वचषकात 48 देशांना जागा झाली. त्यात कुरासाव नावाचं एक बेट पात्र ठरलं. वस्ती दीड लाखाच्या आसपास. एकट्या कोल्हापूर शहराची 2011 लाच साडेपाच लाखांच्या घरात होती. मामींना हे अजून सांगितलेलं नाही. त्या पुन्हा बशी खाली ठेवतील.

मामा आणि भाचा नव्या बोर्डांच्या तयारीला लागलेत. मेस्सी तीस फुटी, समोर पस्तीस फुटी कोणीतरी. लावा, बिनधास्त लावा. ईर्षा मेली तर कोल्हापुरात उरेल काय? फक्त भारताचा सामना असेल त्या दिवशी एक बोर्ड आपल्या पोरांचाही लागू दे. पाच फुटी चालेल. शुभेच्छुकांची डोकी मोठी असली तरी हरकत नाही.