गुरुजींच्या धाकट्याचा कॅमेरा

अहो, ऐकलंत का? गुरुजींच्या धाकट्यानं कॅमेरा आणलाय. नवा नाही हो, जुना. सेकंडहँड! पुण्याचा तो जुना बाजार नाही का, बुधवारी आणि रविवारी भरतो तो, तिथून. आणि साधासुधा नाही, रोल घालायचा. आजकाल रोल म्हटलं की पोरं अंड्याचा की चिकनचा विचारतात, आणि हा पोट्टा...

तर काय सांगत होते. त्याच्या आईला मी विचारलं, कितीला पडला? तर म्हणाल्या, "सहा हजार." आणि हातातला तांब्या असा आपटला तुळशीपाशी की मी पुढचं विचारलंच नाही. म्हणजे लगेच नाही विचारलं. फोनमध्ये फुकट फोटो निघतात, एटापल्लीत कुणाला रोल ठाऊक तरी आहे का, असं त्यांचं म्हणणं. गुरुजी मात्र वर्तमानपत्राच्या आडून म्हणतात कसे, "पेंटॅक्स के 1000 आहे. टणक वस्तू आहे." बघा म्हणजे! बाप आधीच फितूर.

टणक मात्र आहे हो, खोटं कशाला बोलू. मी हातात घेऊन पाहिला. खलबत्त्यासारखा जड. 1976 पासून 1997 पर्यंत कंपनी हाच विकत होती म्हणे. आतला सेल काढून टाकला तरी फोटो निघतो, सेल लागतो तो फक्त काट्याला. डोळा लावून पाहिलं की कडेला एक बारीकसा काटा दिसतो, तो मधोमध आणायचा, की उजेड बरोबर. बंद करायचं बटणच नाही, भिंगावर झाकण घालायचं, नाहीतर काटा रात्रभर जागा आणि सेल संपला. माझ्या नणदेचं असंच आहे, दिवा बंद केल्याशिवाय तोंड... जाऊ द्या, तो विषय वेगळा.

तर पहिला रोल निघाला त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याला. तुम्ही होतात ना? मग पाहिलंच असेल तुम्ही, कसा मिरवत होता तो. हा उजेड चांगला, आजी इकडे सरका, मामा श्वास रोखा. फोनवाल्या पोरांना सांगतो कसा, "बाजूला व्हा रे, फिल्म चालू आहे." नवऱ्या मुलाची आई तर तीनदा पदर सावरून उभी राहिली. 36 फोटोंचा रोल, बरं का. आणि 36 उलटून गेले तरी याचा लिव्हर आपला सुर्रकन फिरतोय, खटका आपला वाजतोय!

आणि तिथं कोण जेवायला बसलेले? आलापल्लीचे ते स्टुडिओवाले काका. ज्यांनी आपल्या सगळ्यांच्या लग्नाचे फोटो काढले ते. त्यांनी पानावरून मान वर केली. जिलबीचा घास हातात तसाच. म्हणाले, "बाबू, कितवा?" तो म्हणाला, "सदतिसावा असेल काका, थोडे जास्त निघतात." काका म्हणाले, "निघतात. एखाद-दुसरा. डावीकडची गुंडी फिरते का ती?"

अहो, मी समोरच होते. त्यानं लिव्हर ओढला. गुंडी जागची हलेना. पुन्हा ओढला. ढिम्म!

रोल भरताना म्हणे त्याचं टोक पलीकडच्या फिरकीत अडकवायचं असतं, आणि मग लिव्हर ओढला की डावीकडची गुंडी उलटी फिरते का हे पाहायचं असतं. फिरली तर फिल्म पुढे सरकतेय. नाही फिरली तर तुम्ही रिकामाच खटका वाजवताय. साखरपुड्याचा एक फोटो आला असेल तर शपथ! पोट्ट्याचा चेहरा असा पडला, असा पडला... आणि नवऱ्या मुलाच्या आईचं तोंड तर विचारू नका. तीनदा पदर सावरलेला, तो गेला की वाया.

पण गंमत सांगते, काका त्या दिवसापासून बदललेच. स्टुडिओत आता आधारकार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, दुसरं काय राहिलंय? तर रविवारी रविवारी हा त्यांच्याकडे जाऊन बसायला लागला. काकूच सांगत होत्या मला, की हे तर जेवायला उठतच नाहीत. उटीला सरकारचा फिल्मचा कारखाना होता, हिंदुस्तान फोटो फिल्म्स, त्यांचे 'इंदू'चे रोल कसे यायचे, काळेपांढरे फोटो धुवायला पाणी 20 अंशांचं लागतं म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात बर्फ कसा शोधत फिरायचे, सगळं बाहेर निघालं. रंगीत रोलला 38 अंशांचं पाणी लागतं, सव्वातीन मिनिटं. काका म्हणतात, मे महिन्यात आपल्याकडे नळच तेवढं देतो, गॅसही जाळायला नको. काकू हसल्या सांगताना. त्या हसलेल्या मी किती वर्षांनी पाहिल्या म्हणून सांगू.

बरं, आता घरातली गोष्ट. फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी रोल! उन्हानं खराब होऊ नयेत म्हणून. आजींना वाटलं डोळ्यात घालायचं औषध आहे, डब्या उघडायलाच निघाल्या होत्या. हजाराच्या आसपास एकेक रोल, वर धुण्याचे पैसे वेगळे. आणि धुवायचे कुठे? पूर्वी गावोगावी कलर लॅबच्या पाट्या होत्या, आता आख्ख्या जिल्ह्यात कोण धुतंय? कुरिअरनं पुण्याला. मग बसा वाट बघत.

इथंच माझं आणि त्या कॅमेऱ्याचं जमत नाही, स्पष्ट सांगते. सगळं पाहतो, आणि पंधरा-पंधरा दिवस तोंडातून चकार शब्द नाही. असं कुणी वागतं का? मागचं झाकण उघडून जरा बघ ना म्हटलं, तर पोट्टा किंचाळलाच, "काकू, सगळं जळून जाईल!" आणि ऐका तर, खटका दाबला की आतला आरसा वर उडतो, म्हणजे नेमका फोटो निघतो त्या क्षणाला काढणाऱ्यालाच काही दिसत नाही. कुणाचे डोळे मिटले, मागून कोण गेलं, त्यालाही पत्ता नाही.

हे लक्षात ठेवा हं, पुढे कामाला येतं.

तर काय सांगत होते... हां, दुसरा रोल. तो आला बाई एकदाचा. त्यात आजींचा फोटो, ओट्यावर उभ्या, मागे सगळं पांढरंफेक आभाळ. काट्यानं आभाळाचाच उजेड धरला, आणि आजी पार कोळसा. आजी म्हणाल्या, "काऊन रे बाबू, मागचं आभाळ गोरं अन् माह्यंच तोंड काळं?" सूनबाई पदरात तोंड घालून हसत होत्या, मी पाहिलं. आणि सगळ्या फोटोंवरून आडवा एक चरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकांनी निगेटिव्ह खिडकीशी धरली आणि लगेच म्हणाले, "रोल कुठं बदललास?" तर हेडरीच्या रस्त्यावर, मोटारसायकलवर बसून! ट्रकमागून ट्रक, ती लाल धूळ उडतेय, आणि यानं झाकण उघडलं. एक कण आत बसला की सगळी फिल्म त्याच्यावरून घासत जाते. ट्रक कशाचे, कुणाचे, ते मी बोलत नाही. कुंपणालाही कान असतात. पण माझ्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्यात, त्या तुम्ही पाहताच आहात.

आता मात्र पोट्टा शहाणा झालाय. रोल बदलायचा तर घरात, दार लोटून, आधी ब्रशनं आतून झाडून. दुपारचं ऊन असलं की काट्याकडे बघतसुद्धा नाही. काकांचा हिशेब, छिद्र 16 वर, आणि रोल 200 चा असला की शटर 250 वर, डोळे झाकून.

असा तयार होऊन गेला तो जानेवारीत सूरजागडच्या पहाडावर, ठाकूरदेवाच्या यात्रेला. माडिया लोक कुठून कुठून पायी येतात, पार छत्तीसगडातून. तिथल्या जाणत्यांना आधी विचारलं त्यानं. ते म्हणाले, देवाचा नको, आमचा काढ, पण कागदावरचा आणून दे. इतके जण येऊन फोटो काढून गेले, हातात कुणी काही दिलं नाही. आणि बरं का, यानं दिले! बाजाराच्या दिवशी पाकिटं घेऊन उभा होता. एका म्हातारीनं तिचा फोटो घेतला, बघितला, पदराच्या गाठीत बांधला, आणि तशीच मिरच्या विकायला बसली. मोठं कौतुक नाही, काही नाही. पण त्याची आई, तीच ती सहा हजारवाली, मला म्हणाली, "मी लांबून बघत होते हो." आणि डोळ्याला पदर. मी तिकडे बघितलंच नाही असं केलं.

पण मी हे सगळं सांगतेय ते ज्याच्यासाठी, ते राहिलंच की! जवळ या जरा.

त्याच यात्रेतला एक फोटो. समोर दोन पोरी बांगड्या बघतायत, काय सुंदर आलाय, काकासुद्धा वाह म्हणाले. आणि मागे, मिठाईच्या दुकानाशी, कोण? आपले पलीकडच्या गल्लीतले साहेब! नाव घेत नाही मी. शुगर साडेतीनशेच्या पुढे, घरात साखर कुलपात, वहिनी चहासुद्धा मोजून देतात. त्या दिवशी हे अहेरीला रक्त तपासायला गेले होते, उपाशीपोटी. वहिनींनी मला स्वतः सांगितलं होतं, "बिचारे पाणीसुद्धा न पिता निघाले." आणि फोटोत? डाव्या हातात द्रोण, उजव्या हातात जिलबी, डोळे मिटलेले. अहो, असं समाधान मी त्यांच्या तोंडावर त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पोट्ट्याला काय ठाऊक? त्यानं सगळे फोटो अंगणात दोरीला चिमटे लावून टांगले, लोकांनी बघावेत म्हणून. वहिनी आल्या. बांगड्यांचा फोटो बघितला, छान आहे म्हणाल्या. पुढे गेल्या. आणि थांबल्या. मागे आल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मोजत नव्हते, पण पुष्कळ वेळ कुणी बोललं नाही. मग अगदी गोड आवाजात म्हणतात, "अहो, इकडे या बरं जरा. तुमचा रिपोर्ट आलाय."

साहेब आले, बघितलं, आणि त्या पोराला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "बाबू, हे डिलीट नाही का करता येत?"

"नाही काका," हा म्हणतो, "निगेटिव्ह आहे ना माझ्याकडे. कितीही कॉप्या निघतील."

ते वहिनींनी ऐकलं. आणि लगेच दोन सांगितल्या. मोठ्या, आठ बाय दहा. एक स्वयंपाकघरात लावायला, आणि एक नाशिकला, मुलीकडे. पैसे आगाऊ दिलेत.